अंकपाशातली बेरीज

३, ८ आणि ९ हे अंक प्रत्येकी एकदाच वापरून तयार होणाऱ्या सर्व तीन अंकी संख्यांची बेरीज किती, हा प्रश्न अकरावीत शिकणाऱ्या भाचीने परवा माझ्यापुढे ठेवला, तेव्हा तिने ३८९, ३९८, ८३९, ८९३, ९३८ आणि ९८३ अशा सहाही संख्या वहीत एकाखाली एक नेटक्या मांडलेल्या होत्या. तिचे उत्तर ४३४० आले होते आणि पुस्तकातले ४४४० होते. शतकाच्या घरात हातचे चार मिळवायचे तिथे तिने तीन मिळवले होते, एवढीच चूक होती. ती चूक दुरुस्त करून वही परत देता आली असती. पण त्या मांडणीत उत्तर आधीच दिसत होते, आणि ते तिच्या लक्षात आलेले नव्हते, हे पाहून मला राहवले नाही.

मी तळहाताने दशकाचे आणि शतकाचे घर झाकले व फक्त एककाचे घर वरून खाली वाचायला सांगितले: ९, ८, ९, ३, ८, ३. प्रत्येक अंक बरोबर दोनदा. मग दशकाचे घर, मग शतकाचे. क्रम निराळा, पण तिथेही प्रत्येक अंक दोनदाच. याचे कारण सरळ आहे: एककाच्या जागी ९ पक्का केला की उरलेल्या दोन अंकांना दोन जागा राहतात आणि ते दोनच प्रकारे बसतात, जे ९ चे, तेच ३ चे आणि ८ चे. तिन्ही अंकांची बेरीज २०, म्हणून प्रत्येक घराची बेरीज ४०, आणि एकूण बेरीज ४० + ४०० + ४०००. संख्या आडव्या वाचण्याची आपली सवय इतकी घट्ट असते की घरे उभी वाचावीत हे पटकन सुचतच नाही.

हे उदाहरण पाठ्यपुस्तकाच्या लेखकांनी रचलेले नाही. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, म्हणजे इ. स. ११५० च्या ग्रंथात, अंकपाश, म्हणजे अंकांचा फास, या नावाच्या प्रकरणात हेच तीन अंक आहेत. त्यांचा नियम असा: मांडण्यांच्या संख्येला अंक किती आहेत त्या संख्येने भागावे, अंकांच्या बेरजेने गुणावे, आणि आलेले फळ एकेक स्थान सरकवून जितकी स्थाने तितक्या वेळा मांडून मिळवावे. सहाला तिनाने भागून दोन, दोन गुणिले वीस चाळीस, आणि तो चाळीस तीन ठिकाणी. चाळीसगावजवळच्या पाटण येथे त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याचा शिलालेख आहे. तिथे हे सूत्र पाठ करणारी मुले बसत असतील, ही कल्पना मला फार आवडते.

त्याच ठिकाणी भास्कराचार्य २ पासून ९ पर्यंतचे आठही अंक घेऊन तोच प्रश्न विचारतात, आणि तिथे नियमाची खरी ताकद कळते. मांडण्या होतात ४०,३२०. दर पाच सेकंदांना एक संख्या लिहिली, तरी नुसत्या लिहून काढायला छप्पन्न तास लागतील, बेरीज तर पुढचीच गोष्ट. नियमाने मात्र ४०,३२० ला आठाने भागून ५,०४०, त्याला अंकांच्या बेरजेने म्हणजे ४४ ने गुणून २,२१,७६०, आणि ही संख्या आठ स्थानांवर सरकवून मिळवली की २४,६३,९९,९९,७५,३६० हे तेरा अंकी उत्तर कागदाच्या एका कोपऱ्यात मावते.

अंकांची पुनरावृत्ती असली तरी युक्ती तीच राहते, फक्त मांडण्या मोजताना काळजी घ्यावी लागते. ४, ८, ५, ५, ५ हे त्यांचेच उदाहरण आहे. पाच निराळ्या अंकांच्या मांडण्या १२० होतात, पण तीन पाचांची आपसांतली अदलाबदल डोळ्यांना दिसत नाही, म्हणून १२० ला सहाने भागून २० संख्या उरतात. प्रत्येक घरात ५ बारा वेळा, ४ चार वेळा आणि ८ चार वेळा येतो. घराची बेरीज ६० + १६ + ३२ म्हणजे १०८, आणि एकूण ११,९९,९८८. यापेक्षा मला २, २, १, १ चे उदाहरण अधिक देखणे वाटते. सहा संख्यांच्या ११२२ व २२११, १२१२ व २१२१, १२२१ व २११२ अशा तीन जोड्या लागतात, प्रत्येक जोडीची बेरीज ३३३३, आणि सगळ्यांची मिळून ९९९९.

या प्रकरणाच्या शेवटी भास्कराचार्यांनी एक चिमटा काढला आहे. इथे गुणाकार, भागाकार, वर्ग, घन यांतले काहीच विचारलेले नाही, तरी गर्विष्ठ गणकबटू, म्हणजे गणित शिकणारी पोरे, या पाशात पडल्यावाचून राहणार नाहीत, अशा अर्थाचे ते वचन आहे. ते वाचून दाखवल्यावर भाची हसली आणि पुढच्याच उदाहरणात पाशात सापडली. अंक होते ०, २, ५, ७ आणि संख्या चार अंकी हव्या होत्या. तिने झटकन २४ मांडण्या, अंकांची बेरीज १४, प्रत्येक घरात ८४, असे करत ९३,३२४ लिहिले. घरे समान वाटणीची असतात हे तिने नुकतेच ऐकले होते. पण हजाराच्या घरात शून्याला बसता येत नाही, आणि तिथे ती वाटणी मोडते.

या वेळी मी काही सांगितले नाही. तिने ०२५७ पासून ०७५२ पर्यंतच्या सहा संख्या वेगळ्या काढल्या, त्या खरे तर २, ५, ७ च्या तीन अंकी संख्या आहेत हे ओळखले, त्यांची बेरीज ३,१०८ वजा केली आणि ९०,२१६ वर आली. मग माझा विश्वास बसणार नाही असे वाटून की काय, तिने दुसऱ्या वाटेने पडताळा घेतला: हजाराच्या घरात २, ५, ७ प्रत्येकी सहा वेळा म्हणून ८४,०००, उरलेल्या प्रत्येक घरात हे अंक चार-चार वेळा, म्हणजे ५,६०० + ५६० + ५६. तिने दोन्ही उत्तरांखाली दुहेरी रेघ ओढली आणि पुढचे पान उलटले.