आरएक्सचा क्लच आणि ताडपत्री

आज दुपारी एकदाचं ते क्लच बास्केट, म्हणजे क्लचच्या प्लेटी ज्यात बसतात ती वाटी, निघालं. हात अजून रॉकेलचे वास मारतायत, साबण लावून पण जात नाय.

गाडी मामेभावाची. यामाहाची आरएक्स १००, एमएच ०७ म्हणजे आमच्या सिंधुदुर्गचं पासिंग, १९९६ ची, म्हणजे अगदी शेवटच्या गाड्यांपैकी, त्याच वर्षी बंद झाली ना ती. भाऊ नोकरीला मुंबईला गेला आणि गाडी मागच्या पडवीत राहिली, मामीने वरून ताडपत्री टाकून दोरीने चारी बाजूंनी आवळून ठेवली होती. आता गणपतीला येतोय तर "गाडी चालू करून ठेव रे जरा". फोनवर बोलायला काय जातंय. पिस्टन हलत होता पण गिअर टाकून क्लच दाबला तरी गाडी ढकलली जात नव्हती, केबल एकदम व्यवस्थित, म्हणजे आत प्लेटी चिकटलेल्या. आणि इंजिन तसंही पूर्ण खोलायचंच होतं, तर खाली उतरवलं आणि मिस्त्रीकाकांच्या गॅरेजला टेबलावर टाकलं.

गिअर ऑइलचा बोल्ट काढला तर टपरीवरच्या चहासारखं निघालं. पाणी. उजवं कव्हर उघडल्यावर सगळा उलगडा झाला, स्टीलच्या प्लेटींवर तांबेरा आणि फ्रिक्शन प्लेटी त्यांना अशा चिकटलेल्या की पातळ पत्ती घालून एकेक सोडवावी लागली. मधला नट मात्र गुपचूप सुटला. लॉक वॉशरची दुमडलेली कड छिन्नीने सरळ केली, आणि काकांकडे जुन्या क्लच प्लेटीला लोखंडी पट्टी वेल्ड करून केलेला पाना आहे, तो आत बसवून सेंटर, म्हणजे प्लेटींच्या आतला मधला भाग, धरलं, झालं. बाजारातलं टूल घेण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं.

सेंटर निघालं, वॉशर निघाला, आणि बास्केट जागचं हलेना. काकांचा पोरगा हातोडी घेऊन आलाच, काका तिथूनच ओरडले, "हातोडो ठेव मरे बाजूक, अडकलाहा खय ता बघ आधी!"

आता हे बघायची पद्धत मला आवडली म्हणून लिहून ठेवतोय. बास्केट थेट शाफ्टवर बसत नाही, मध्ये एक कॉलर असते, बास्केट तिच्यावर मोकळं फिरतं. गाडी गिअरमध्ये टाकायची, चेनचं पुढचं स्प्रॉकेट पकडायचं म्हणजे शाफ्ट जाम, आणि मग बास्केट हाताने फिरवून बघायचं. फिरलं तर निदान बास्केट आणि कॉलर मोकळी आहेत. आमचं केसभर पण फिरेना, म्हणजे शाफ्ट, कॉलर, बास्केट तिघंही गंजाने एकजीव. अशा वेळी बास्केटच्या बोटांना, म्हणजे कडेच्या उभ्या पट्ट्यांना, पुलर (खेचून काढायचं हत्यार) लावला तर ती ॲल्युमिनियमची बोटं कटकन तुटतात, आणि हातोडी मारली तर मार जातो शाफ्टच्या बेअरिंगला. पुलर मागच्या दात्याच्या चाकालाच लावायचा. शाफ्ट आतून पोकळ, क्लच दाबणारी सळी, पुशरॉड, जातो त्यातून, म्हणून नट परत टोकापर्यंत चढवून वर एक जाड लोखंडी तुकडा ठेवला आणि पुलरचा स्क्रू त्याच्यावर टेकवला, नायतर आटे गेले असते. गॅसची फ्लेम काकांनी लावू दिली नाही कारण चाक आणि बास्केटच्या मध्ये धक्का खाणारे रबर असतात, ते जळाले की खेळ खल्लास. बाजूच्या मोबाइलवाल्याची हीट गन आणली. मधला भाग गरम करायचा, डब्ल्यूडी फोर्टी मारायचं, पुलर थोडा आवळायचा, थांबायचं, समोरासमोर हलकं ठोकायचं, परत गरम. रात्री तसंच ताणात ठेवून घरी आलो आणि आज जेवायच्या आधी कॉलरसकट बाहेर आलं. कॉलरमधली तेलाची वाट पूर्ण गंजाने भरलेली. कॉलर लेथवाल्याकडे बास्केटमधून प्रेसवर दाबून काढायला दिली.

मामीला सांगितलं तर तिला पटेना. "पावसाचो एक थेंब पडाक दिलंय नाय गाडयेर!" खरंच दिला नसणार. पण आपल्याकडे जून ते सप्टेंबर ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, वर समुद्राची खारी हवा, आणि ताडपत्री एवढी घट्ट की आत गेलेला दमटपणा बाहेर जायलाच वाट नाही. तो ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनच्या हवेच्या भोकातून, आत शिरतो, रात्री इंजिन गार झालं की आतल्या आत पाणी सुटतं, आणि गाडी चालत असती तर गरम होऊन उडून तरी गेलं असतं. इथे मुंबईकरांच्या निम्म्या गाड्या याच मायेने मरतात. उघड्या पडवीत नुसती ठेवली असती आणि आठवड्याला कोणी बाजारापर्यंत नेऊन आणली असती तर माझे दोन दिवस वाचले असते, असं माझं मत, मामीला नाही बोललो.

बास्केटच्या बोटांवर प्लेटींनी खाचा पाडल्यात, पण उथळ आहेत. काका म्हणाले कानसीने सगळ्या सारख्या घासून चालेल, मी नवीनच मागवणार, परत उघडायचा उत्साह नाही. शाफ्टवर बारीक पॉलिश पेपर मारलाय, खड्डे नाहीत. उद्या कुडाळला जाऊन क्लच प्लेटी, गॅस्केट आणि ऑइल सील आणायचे, मग इंजिनची केस उघडून क्रँकचे बेअरिंग बघायचे. तिकडे पण पाणी गेलेलं असलं तर भावाला गणपतीला एसटीनेच फिरावं लागणार.