पेनाम्पांग, मे अखेर

२८ मे

मलेशियाच्या साबा राज्याची राजधानी कोटा किनाबालू कुठे संपते आणि शेजारचं पेनाम्पांग कुठे सुरू होतं, हे आता रस्त्यावरून कळत नाही. जिथे भातखाचरं होती तिथे बऱ्याच ठिकाणी घरांच्या रांगा आणि दुकानांचे गाळे उभे आहेत. तरी मे महिना लागला की इथला कादाझान, म्हणजे इथल्या मूळ जमातीचा माणूस, भाताबद्दलच बोलतो. ३० आणि ३१ मे, कामातान, सुगीचा सण. अख्ख्या साबा राज्याला सुट्टी.

मुळाशी कथा आहे ती दुष्काळाची. किनोईंगान या देवाने आपली मुलगी हुमिनोदुन हिचा बळी दिला आणि तिच्या देहातून धान्य उगवलं. म्हणून भातात जीव आहे. त्याला बाम्बाझोन म्हणतात, आणि भात सांडला, तुडवला, वाया घालवला की तो रुसतो. कापणीआधी बोबोहिझान, म्हणजे विधी जाणणारी स्त्री, शेतातल्या भरदार सात लोंब्या निवडून बांधते. कापणी उरकेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. मग बियाण्याचं भात वेगळं काढायचं. हरवलेल्या बाम्बाझोनला शोधून घरी आणण्याचा विधी म्हणजे मागावाउ. त्यातले मंत्र लांबलचक आणि जुन्या बोलीतले, पाठ असणाऱ्या बायका थोड्याच उरल्या आहेत. बहुतेक घरं आज कॅथलिक आहेत, पण कामातान कोणी सोडलेला नाही. हॉंगकोद कोइसान या सांस्कृतिक भवनाच्या आवारात सगळ्यात मोठी गर्दी मात्र उन्दुक न्गादाउ या सौंदर्यस्पर्धेला होते. ती हुमिनोदुनच्याच स्मरणार्थ असते, हे मान्य. पण गर्दीतला निम्मा वाटा मागावाउला मिळायला हवा.

२९ मे

आज स्वयंपाकघराची नोंद, कारण खरा अभिमान तिथेच दिसतो.

लिहिंग, म्हणजे तांदळाचं मद्य: १ किलो पांढरा चिकट तांदूळ कमी पाण्यात शिजवायचा, दाणा मोकळा राहिला पाहिजे. परातीत पसरून पूर्ण थंड करायचा. ससाद, म्हणजे विरजणाची सुकी वडी, कुटून वर भुरभुरायची. किती, हे वडीच्या ताकदीवर. भात गरम असतानाच घाई केली तर विरजण मरतं. भात पाणचट राहिला तर आंबतो. वडीतली बुरशी आधी पिष्टाची साखर करते, मग यीस्ट त्या साखरेचं मद्य करतं, म्हणून सुरुवातीचे दिवस सगळं गोडच लागतं आणि नवख्याला वाटतं, झालं. नाही झालं. कोरड्या बरणीत भरून तोंड कापडाने किंवा पानाने झाकायचं, घट्ट बूच लावायचं नाही, वायूने बरणी फुटते. काही आठवड्यांनी सुटलेला पिवळसर रस म्हणजे लिहिंग. आलं आणि कोंबडी घालून याचा रस्सा बाळंतिणीला देतात.

हिनावा, म्हणजे लिंबात मुरवलेला कच्चा मासा: ताजी सुरमई, तीच, कोकणातली. अर्धा किलो, काटे काढून पातळ काप. वर लिंबाचा रस, काप बुडतील इतका. मग आलं, छोटे कांदे, लाल मिरची, कारल्याचे पातळ काप, मीठ, आणि खरी ओळख म्हणजे बाम्बांगानच्या बाठ्याचा किस. बाम्बांगान हा बोर्निओचा रानआंबा: तपकिरी, खरखरीत, नारळाएवढा, उग्र वासाचा. किसाशिवाय हिनावा म्हणजे नुसता लिंबूमासा. आंबट रसाने मांस पांढरं पडून घट्ट होतं, पण त्याने मासा शिजला असं समजू नये. कृमी मरत नाहीत. मासा आधी उणे २० अंशांवर ७ दिवस गोठवलेला असावा, घरच्या फ्रीजचा भरवसा नाही. रसात फार वेळ ठेवला की काप कोरडे आणि खडूसारखे होतात. ॲल्युमिनियमचं भांडं वापरू नये, धातूची चव उतरते.

३० मे

सुमाझाउ, म्हणजे कादाझानांचा पारंपरिक नाच, पाहताना लोक हात बघतात, पण नाच पायांत आहे. टाचा उचलत, गुडघे किंचित सैल ठेवत, ठेक्यावर छोटी पावलं. हात आधी खाली झुलतात, मग इशारा झाला की पक्ष्याच्या पंखांसारखे वर येतात. खांदे हलवून ते फडफडवले तर नाच बिघडतो, मनगट सैल हवं. साथीला टांगलेले गाँग आणि एक ढोल. प्रत्येक गाँगचा ठेका ठरलेला, एक जण घसरला की सगळ्यांची चाल मोडते.

पोशाख काळ्या मखमलीचा, सोनेरी किनारीचा. तरुणींचा बिनबाह्यांचा, वयस्क बायकांचा लांब बाह्यांचा. कमरेला हिम्पोगोत, चांदीच्या नाण्यांचा पट्टा, आणि तांग्कोंग, पितळेच्या कड्यांचे वेढे. भाड्याच्या पोशाखात नाणी हलक्या पत्र्याची असतात, चालताना आवाजावरून कळतं. मखमल उन्हात वाळवली तर करडी पडते, तरी दरवर्षी कोणीतरी गच्चीवर टाकतंच.

३१ मे

गुरुवार-शुक्रवारी पेनाम्पांगमधल्या डोंग्गोंगोन गावच्या तामूत, म्हणजे आठवडी बाजारात, हंगामात बाम्बांगान मिळतो. लोणच्यासाठी गराचे तुकडे, मीठ आणि बाठ्याचा किस एकत्र करून बरणीत दाबून भरायचं, काही दिवस ठेवायचं. ओला चमचा घालायचा नाही. फोडी रसावर तरंगल्या की बुरशी धरते, म्हणून वर धुतलेला, वाळवलेला दगड ठेवतात.