केळदची तांबडी राड, दौंडची काळी माती: चिखलात कुठले टायर चालले

सप्टेंबर संपता संपता पुणे जिल्ह्यात एक गंमत होते. वेल्ह्याकडचा पाऊस थकलेला असतो, पण खाचरांतून आणि वाटांवरून पाणी वाहतच असतं. तिकडे दौंडला जूनपासून आभाळाकडे डोळे लावून बसलेल्या रानात परतीचा पाऊस एका रात्रीत तळी करून टाकतो. त्यामुळे एकाच आठवड्यात दोन अगदी वेगळे चिखल गाडीखाली घेता येतात. आम्ही तेवढ्यासाठीच हे दिवस निवडले होते. "फोरबायफोरला चिखलासाठी कुठले टायर टाकू?" असं कुणी विचारलं, की मी आता आधी विचारतो, माती कुठली?

गाड्या तीन, तिन्ही फोरबायफोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळू शकणाऱ्या. थारला 255/65 आर 18 मापाचे (पहिला आकडा म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी) एटी, म्हणजे ऑल टेरेन टायर. जिम्नीला कंपनीतून आलेले 195/80 आर 15, साधे रस्त्याचे, म्हणजे एचटी. आणि गुरखाला एमटी, म्हणजे मड टेरेन: मोठमोठे गट्टू, मध्ये बोट जाईल एवढ्या फटी, कडेलाही दात. गुरखावाल्या मित्राला या टायरांचा भलताच अभिमान. निघण्याआधीच त्याने "तुम्हाला दोघांना ओढायला दोर घेतलाय" असं ग्रुपवर जाहीर केलं होतं.

जाताना खानापूरवरून पाबे घाटाने गेलो. इंधन पुण्यातच भरून घ्या. हायवेने चेलाडी फाट्यावरून येणार असाल तर नसरापूरला. घाट डांबरी आहे, पण पावसाळ्यात वळणांवर बारीक खडी आणि वाहून आलेली माती असते. इथे एमटीची दुसरी बाजू कळते. एचटी आणि एटीच्या गट्टूंवर बारीक चिरा असतात, ओल्या डांबराला त्याच धरतात. एमटीवर त्या फार थोड्या, शिवाय फटी मोठ्या असल्याने रस्त्याला टेकणारं रबरही कमी. उतारावर गुरखा आमच्यापेक्षा बरंच अंतर ठेवून, आधीच ब्रेक लावत उतरत होती. आवाजाचं तर विचारू नका; मागच्या गाडीत बसून तो आम्हाला ऐकू येत होता.

वेल्ह्याच्या पुढे केळदला मित्राच्या मामांचं घर आहे. डांबर सोडून त्यांच्या वाडीकडे जाणारी वाट तांबड्या मातीची, दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, मध्ये खोल गेलेली चाकोरी. हा चिखल दिसायला भयंकर, पण मनाने बरा. वरचा चार-सहा इंचांचा थर म्हणजे पातळ राड, त्याखाली मुरूम. टायर वरचा थर कापून खाली पोचला की गाडी चालते. म्हणून सपाटीवर जिम्नीचं अरुंद चाक आमच्यापेक्षा निवांत जात होतं. रुंद टायर म्हणजे चिखलात जास्त पकड, हे सरसकट खरं नाही. खाली टणक तळ असेल तर अरुंद बरा. तळच नसेल तर रुंद, वजन पसरवणारा.

वाडीच्या आधीच्या चढावर मात्र जिम्नी थांबली. एचटीच्या खोबणी राडीने भरल्या, चाकं नुसती फिरायला लागली. दोर काढायच्या आधी आम्ही हवा काढली. 30 पीएसआयवरून 20 वर आणली, तर टायर जमिनीवर लांबट पसरला आणि तीच गाडी, त्याच चाकांवर, फोर लोमध्ये (चारही चाकांना कमी वेग, जास्त जोर) दुसऱ्या गिअरला चढून गेली. थारलाही 20 वर आणल्यावर काही करावं लागलं नाही. गुरखा हवा न काढताच गेली, आणि मित्राने ते दिवसभर ऐकवलं.

एमटीचा खरा फायदा दिसला तो चाकोरीत. चाक खोल चरात गेलं की गाडी तिथून बाहेर निघत नाही, पोट मधल्या उंचवट्यावर घासतं. गुरखाने स्टिअरिंग किंचित डावी-उजवीकडे हलवत ठेवलं, कडेचे दात चराच्या भिंतीला लागले आणि ती वर आली. एटीने हे जमतं, पण दोन-तीन प्रयत्न लागतात. एचटीच्या कडा गुळगुळीत, तसे टायर असलेल्या गाडीने विचारही करू नये. आधीच चाकोरीच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांवर चाकं ठेवून चालवावी.

दुसऱ्या दिवशी केळदहून परत चेलाडीला आलो, तिथून कापूरहोळ, नारायणपूर, सासवड, जेजुरी, मोरगाव, सुपे, चौफुला. तांबडी माती कधी संपते ते कळत नाही. चौफुल्याच्या पुढे भीमेच्या बाजूला वळलं की उसाची रानं सुरू होतात आणि जमीन काळीभोर. आदल्या रात्री इथे दणकून पाऊस झाला होता. ओळखीच्या काकांच्या वस्तीपर्यंत पाणंद आहे, ती पाहूनच काका म्हणाले, "वापसा येऊ द्या की. आम्ही ट्रॅक्टर पण घालत नाही असल्यात." वापसा म्हणजे भिजलेलं रान कामापुरतं सुकणं.

गुरखाच्या दातांना हे आव्हान वाटलं. मी टायर नीट बघत होतो. पहिल्या वीस-तीस फुटांत फटींत काळी माती गच्च बसली, आणि त्यानंतर तो एमटी उरलाच नाही. पुरणाच्या गोळ्यासारखं गुळगुळीत चाक फिरत होतं. पुढचं-मागचं दोन्ही डिफरन्शियल लॉक केलं, म्हणजे डावं-उजवं चाक एकाच वेगाने फिरेल असं बांधलं, तर चारही चाकं एकदम, इमानदारीने, जागच्या जागी फिरली. मग गाडी पोटावर बसली.

कारण मातीत आहे. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि रबराला चिकटते. एमटीच्या फटी स्वतःला साफ करतात हे खरं, पण त्यासाठी चाकाने जोरात फिरून चिखल भिरकावावा लागतो. फोर लोमध्ये मुंगीच्या चालीने गेलं तर फटी भरूनच राहतात. जोरात फिरवलं तर गाडी स्वतःसाठी खड्डा खणते. या दोहोंच्या मधली चाल काळ्या मातीत फार थोडा वेळ मिळते. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरचे दात इंचभराहून उंच, तिरके आणि मध्ये मोकळे असतात; नव्या एमटीची खोली 14 ते 16 मिलिमीटर. तरीही काका वापशाची वाट पाहतात, यात काय ते आलं.

सोडवताना आधी चारही चाकांपुढची माती फावड्याने काढली, पोटाखालची काढली, आणि मग काकांच्या ट्रॅक्टरने, डांबरावर उभं राहून, लांब दोराने ओढलं. दोर गाडीच्या चॅसिसवरच्या टो हुकलाच अडकवा. ट्रेलर ओढायच्या गोळ्याला कधीच नाही; तो तुटून गोळीसारखा सुटतो आणि माणसं मेलेली आहेत. ओढताना बघ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट लांब उभं करा. गावात बघे जमतातच, आणि मुलं सगळ्यात पुढे.

आता खरेदीचं. घाटमाथ्यावर किंवा कोकणात तुमचं घर, शेत असेल आणि पावसाळ्यात रोज कच्च्या वाटेने जावं लागत असेल, तर एमटी घ्या, आवाज सहन करा. महिन्यातून एखाद्या शनिवारी चिखल शोधत जाणाऱ्याला एटी पुरतो. उरलेले दिवस गाडी हिंजवडीच्या सिग्नलला उभी असते. 18 इंची चांगल्या एमटीचे पाच टायर लाखाच्या आसपास जातात. त्याआधी हवा भरायचा 12 व्होल्टचा कॉम्प्रेसर, हवा मोजायचा भरवशाचा मीटर, चांगला ताणला जाणारा दोर, दोन शॅकल (दोर अडकवायच्या लोखंडी कड्या), फावडं आणि जॅकखाली ठेवायला जाड फळी घ्या. फळी विसरू नका. चिखलात जॅक गाडीला उचलत नाही, स्वतः खाली जातो.

पाच टायर मुद्दाम म्हणालो. स्टेपनी जुन्या मापाची ठेवली आणि कच्च्यात तीच लावून फोर व्हील टाकलं, तर व्यासातला फरक ट्रान्सफर केसला, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीला, सोसावा लागतो. थार, जिम्नी, गुरखा तिन्हींना पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं मधलं डिफरन्शियल नाही. त्यामुळे कोरड्या डांबरावर फोर व्हील लावूनही ठेवू नका.

माप वाढवण्याचा मोह आवरा. जिम्नीला बरेच जण 215/75 आर 15 टाकतात, त्यात व्यास दीड टक्क्याच्या आसपासच वाढतो, ते ठीक. त्याहून मोठं टाकलं की स्पीडोमीटर कमी वेग दाखवतो, गिअर जड होतात, आणि पूर्ण स्टिअरिंग वळवलं की चाक आतल्या प्लॅस्टिकला घासतं. हलक्या गाडीला एलटी (लाइट ट्रक) प्रकारातला ई रेटिंगचा, म्हणजे जास्त भार पेलणारा, जाड बाजूंचा टायर घेऊ नका; तो 20 पीएसआयलाही पसरत नाही, मग हवा काढून उपयोग काय? त्याहून हलकं सी रेटिंग मिळालं तर ते बघा. बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा: 2324 म्हणजे 2024 च्या 23 व्या आठवड्यात बनलेला. दुकानदार जुना माल खपवतात.

हवा 18 च्या खाली नेऊ नका. त्याच्याही खूप खाली गेलात तर वळताना टायर रिममधून सुटू शकतो. कमी हवेत वेग 30 च्या आत. डांबर लागलं की तिथेच थांबून परत भरा, "पुढच्या पंपावर बघू" नको.

खाचरांत, बांधांवर चाक घालू नका, आणि केळदजवळच्या मढे घाटाच्या बाजूला जाणार असाल तर पावसाळ्यात प्रशासनाचे निर्बंध आहेत का ते आधी पाहा.

सोलापूर हायवेला लागायच्या आधी काकांच्या पाण्याच्या मोटारीवर टायर धुतले. काळ्या मातीची ढेकळं हायवेवर पडली की मागून येणारा दुचाकीवाला घसरतो. आणि रिमच्या आतल्या बाजूनेही पाणी मारा. तिथे माती वाळून बसली की सत्तर-ऐंशीला स्टिअरिंग थरथरतं, लोक अलाइनमेंटला पैसे घालतात आणि थरथर तशीच राहते.