‘एम.ए. झालं होतं ना तुझं?’

‘इकडे सायकॉलॉजीत एम.ए. झालं होतं ना तुझं? मग अमेरिकेत पुन्हा सात वर्षं कशाला घालवलीस?’ दर भारतवारीत कुणीतरी विचारतंच. मी ‘तिथले नियम’ म्हणून सुटका करून घेते. नियम आहेतच. सायकॉलॉजिस्टच्या लायसन्सला साधारणपणे डॉक्टरेट लागते. एच-४ व्हिसावर, म्हणजे तिथे नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, शिकता येतं, पण मला कमवायची परवानगी नव्हती, म्हणून एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घेतला. इंटर्नशिपच्या कितीतरी जागा माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांत. तिथे नागरिकत्व हवं, म्हणजे त्या आधीच बाद. शेवटी २२५ प्रश्नांची परीक्षा. त्यातले ५० गुणांत धरत नाहीत आणि कोणते ते सांगतही नाहीत. (मला न आलेले सगळे त्या ५० मधलेच होते, असं मी आजही मानते.)

पण हे सांगताना मी खरं उत्तर टाळत असते.

दुसऱ्या वर्षी एका रुग्णालयात माझं प्रॅक्टिकम, म्हणजे शिकता शिकता प्रत्यक्ष काम, चालू होतं. ऑपरेशन झालेल्या एक मराठी आजी होत्या (तपशील बदललेत). फोनवर मराठी दुभाषी मिळेना, म्हणून मला बोलावलं. नियमाने तिथे प्रशिक्षित दुभाषीच हवा. मी तशी नव्हते, तरी धावत गेले. त्या इमारतीत माझी भाषा कुणाला तरी हवी होती, हे पहिल्यांदाच घडत होतं.

नर्सच्या हातात पीएचक्यू-९, नैराश्याची नऊ प्रश्नांची प्रश्नावली. झोप, भूक करत नवव्यावर आलो: मेलेलं बरं, असं मनात येतं का? आजी खिडकीकडे बघत म्हणाल्या, ‘जीव नकोसा झालाय बाई.’ मी शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत सांगितलं की यांना जगणं नको झालंय.

थोड्याच वेळात खोलीतून चार्जरची वायर गेली, पर्समधल्या सेफ्टी पिना गेल्या. दाराशी खुर्ची टाकून एक माणूस रात्रभर बसला. बाथरूमला जातानाही दार उघडं. आजींनी मला हळूच विचारलं, ‘मी काही चोरलंय का गं?’

‘जीव नकोसा झालाय’ हेच वाक्य माझी आई उकाड्याने दिवसातून चारदा म्हणते.

शिकाऊ होतीस, काय करणार, असं तुम्ही म्हणाल. सुपरवायझरही म्हणाली, धोका कळवलास हे योग्यच केलंस. मग चुकलं कुठे? एम.ए. झालेल्या त्या मुलीला मराठी येत होती, प्रश्नावलीही येत होती. ‘म्हणजे नेमकं काय होतंय, आजी?’ एवढं विचारून थांबणं येत नव्हतं. ते शिकायला सात वर्षं लागली, असं मी स्वतःला सांगते. त्यावर तीच मुलगी मला उलट विचारते, एवढं तर कुठलीही शेजारीण विचारते, त्याला डॉक्टरेट कशाला? तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पुन्हा तपासून पहारा काढला. गैरसमज, असं ठरलं. मी माफी मागायला गेले. आजी चार्जरची वायर गुंडाळत होत्या. वर न बघता म्हणाल्या, ‘जाऊ दे. तू खोटं कुठे सांगितलंस?’

हे वाक्य मी त्या दिवशी कुणालाच इंग्रजीत सांगितलं नाही.