‘प्रीपोन’ला हसता, मग ‘फॉरवर्ड’चं काय?

इंग्लंडमधल्या ऑफिसात ‘प्रीपोन’ (ठरलेली तारीख अलीकडे आणणं) म्हटलं की कोणीतरी हटकतंच, असा शब्दच इंग्रजीत नाही म्हणून. हे मला अजिबात मान्य नाही. ऑक्सफर्डच्या कोशात तो आहे. १९१३ साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये छापलेल्या एका पत्रातही ‘पोस्टपोन’च्या उलट अर्थानं तो आलेला आहे. लॅटिनमध्ये ‘पोस्ट’ म्हणजे नंतर, ‘प्राए’ (इंग्रजीत ‘प्री’) म्हणजे आधी. मग घडणीत खोट कुठे?

खरा घोटाळा त्यांच्या ‘फॉरवर्ड’मध्ये आहे. आपण तारीख ‘पुढे ढकलली’ म्हणतो तेव्हा काम लांबतं. इंग्रजीत ‘ब्रॉट फॉरवर्ड’ म्हणजे नेमकं उलट, तारीख अलीकडे आली. समजा, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतून टर्किश टॉवेलचा कंटेनर २० तारखेला निघायचा आहे आणि गिऱ्हाइकानं ‘ब्रिंग फॉरवर्ड बाय फाइव्ह डेज’ असं कळवलं. त्याला माल १५ला हवा असतो, मराठी डोकं २५ धरून बसतं. दहा दिवसांचा फरक, आणि न्हावाशेवा बंदरातलं जहाज गेलेलं. ‘पुश बॅक’चंही तसंच: ऐकायला मागे, अर्थ मात्र लांबणीवर.

‘मूव्ह फॉरवर्ड’वर तर जन्मानं इंग्रजी बोलणाऱ्यांचंही एकमत नाही. बुधवारची मीटिंग दोन दिवस ‘मूव्ह फॉरवर्ड’ केली, तर कोणी सोमवारी हजर, कोणी शुक्रवारी. ‘बायवीकली’ आठवड्यातून दोनदा की दोन आठवड्यांनी एकदा, हेही ठरलेलं नाही. आणि एखादा विषय ‘टेबल’ करणं ब्रिटनमध्ये चर्चेला घेणं, अमेरिकेत बाजूला ठेवणं!

एक गोष्ट मात्र इथल्या इंग्रजांकडून घ्यावी. शंका आली की ते सरळ विचारतात, ‘अर्लियर ऑर लेटर?’ आपण इंग्रजी कच्चं दिसेल म्हणून गप्प बसतो.

सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेआधी माल काढायचा असेल, तर मेलमध्ये ‘फॉरवर्ड’ नको, परदेशी गिऱ्हाइकाला ‘प्रीपोन’ही नको. सोलापुरात आपसात खुशाल वापरा. जुनी तारीख, नवी तारीख, वार आणि ‘अर्लियर’ किंवा ‘लेटर’ एवढं एका ओळीत लिहा. महिना अक्षरांत लिहा. ५/६ म्हणजे लंडनला ५ जून, न्यूयॉर्कला ६ मे.