ठिगळाखालचा खाकी

गणपतीतल्या जिवंत देखाव्याचं काम घ्यायचं नाही, असं मी दर वर्षी ठरवते. मंडळं पैसे विसर्जनानंतर देतात, म्हणजे दिवाळीच्या आसपास, आणि कपडे परत येतात ते गुलालात माखून. गेल्या वर्षीही नाहीच म्हणणार होते. पण कार्यकर्त्यांनी विषय सांगितला आणि मी हो म्हणून बसले.

विषय होता नाईक यशवंत घाडगे. नाईक हा पलटणीतला हुद्दा. माणगावकडचे. फिफ्थ मराठा लाइट इन्फंट्री, तिसरी बटालियन. १० जुलै १९४४, इटली, टायबर नदीचं वरचं खोरं. मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले बाकीचे सगळे पडले, कुणी मेले, कुणी जखमी झाले. हे एकटे पुढे धावले, ग्रेनेड टाकून मशीनगन बंद पाडली, तिथल्या एकाला गोळी घातली. मॅगझीन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदूक नळीला धरली आणि उरलेल्या दोघांना तिनंच हाणलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागून स्वतः गेले. वय बावीस. मागाहून व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक. माणगावात त्यांचा पुतळा आहे. २०२३ साली इटलीतल्या मोंटोने गावात त्यांच्या नावानं सूर्यघड्याळाचं स्मारक झालं. त्याचे फोटो मोबाइलवर फिरले आणि मंडळाला देखाव्याची कल्पना तिथूनच सुचली.

आमची ड्रेपरी, म्हणजे नाटका-गॅदरिंगचे कपडे भाड्यानं देणारं दुकान, सासऱ्यांनी काढलेली. वर्षाची कमाई शाळांच्या गॅदरिंगवर : चाळीस मावळे, बारा सावित्रीबाई, एक गाजर, एक वांगं. ड्रेपरीत कपडा कोणालाही बसला पाहिजे, म्हणून मागं नाडी. आणि दहा फुटांवरून बरा दिसला की झालं. सासरे म्हणायचे, प्रेक्षक शिवण बघायला येत नाहीत. इतकी वर्षं त्यांचं बरोबरच ठरत आलं होतं.

दिग्दर्शक म्हणवणाऱ्या मुलानं नमुना म्हणून फोटो पाठवला. लोकरी बॅटलड्रेस, कमरेपर्यंतचा आखूड कोट, गळ्यापर्यंत बटणं. देखणा फोटो. मी जाड कापडाचा भाव काढायला लागले, दोन दिवस त्यातच घालवले आणि मग ट्यूब पेटली. जुलै! इटलीत जुलै म्हणजे भर उन्हाळा. हिवाळ्यात बर्फात लढतानाचा कोट घाडग्यांच्या अंगावर त्या दिवशी कशाला असेल? उन्हाळ्यात पलटणी खाकी ड्रिलमध्ये, म्हणजे जाडसर सुती कापडात असायच्या. सुती शर्ट आणि चड्डी किंवा पँट. फोटोंत दोन्ही दिसतात. मी दिग्दर्शकाला तसं सांगितलं. तो म्हणाला, "ताई, चड्डीत हीरो कसा दिसेल?" पँटवर तडजोड झाली.

मग खाकी. पुण्यात कापड दुकानात खाकी म्हणालात की दुकानदार पोलिसांचं टेरिकॉट काढतो. चकचकीत, पिवळसर, इस्त्रीची घडी मरेपर्यंत टिकणारं. बाहेरगावच्या एका नाटकात मी त्या कापडातले ब्रिटिश सैनिक बघितले आहेत. पडदा उघडल्यावर मला वाटलं, नाकाबंदी लागली. खाकी म्हणजे मुळात खाक, धूळ. १८४० च्या दशकात पेशावरकडच्या गाइड्स पलटणीनं लाल कोटाऐवजी हा धुळीचा रंग धरला आणि तिथून तो जगभर गेला. धुळीला एक छटा कुठून असणार? नवा ड्रिल वेगळा, दहा वेळा धुतलेला वेगळा, घामाचा खांद्यावरचा वेगळा.

कापडगंजात दोन दिवस फिरून कोरा सुती ड्रिल मिळवला. पितळी बकलं आणि जाडसर पट्टे जुन्या बाजारात, एका रविवारी आणि एका बुधवारी मिळून. बटणांना चार भोकं आणि मधे बशीसारखा खळगा हवा होता. तुळशीबागेतल्या बटणवाल्यानं डबा माझ्यापुढे उपडा केला आणि म्हणाला, "तुम्हीच शोधा, मला कळत नाही तुमचं." एका नाइकाचे आणि सात जणांचे मिळून आठ शर्ट, म्हणजे बाही-खिशांसकट सत्तरेक बटणं. दुपार गेली.

मंडळात एक निवृत्त सुभेदार होते, मराठा लाइट इन्फंट्रीचेच. शिस्त शिकवायला त्यांच्यासारखा माणूस नाही. बाह्या कशा दुमडायच्या, पट्टा किती आवळायचा, हे त्यांनी पोरांना असं दाखवलं की पोरं चालतानाही बदलली. पण त्यांनी बेळगावाहून बॅज मागवले, आणि त्या बॅजवर अशोकस्तंभ. मी म्हटलं, "काका, १९४४ साली अशोकस्तंभ नव्हता, तिथं मुकुट होता." ते क्षणभर गप्प बसले. मग म्हणाले, "माझ्या पलटणीच्या टोपीवर मी मुकुट लावू?" मला उत्तर सुचलं नाही. शेवटी सगळ्यांच्या डोक्यावर थाळीसारखं पसरट लोखंडी शिरस्त्राण आलं आणि बॅजचा प्रश्न त्याखाली झाकला गेला. इतिहासाच्या बाबतीत मी केलेली ही सगळ्यात शहाणपणाची गोष्ट.

पदकाचं भांडण असं झाकता येईना. अध्यक्षांना घाडग्यांच्या छातीवर व्हिक्टोरिया क्रॉस हवाच होता. बॅनरवर छापून झाला होता. मी सांगितलं, हा क्रॉस त्यांना मेल्यावर मिळाला. ज्या लढाईसाठी मिळाला त्या लढाईत तो घालून ते धावतील कसे? अध्यक्ष म्हणाले, "पण मग लोकांना कळणार कसं कोण ते?" हा प्रश्न मूर्खपणाचा नाही, हे मला नंतर लक्षात आलं. तेव्हा मी फक्त म्हणाले की बाहीवर नाइकाच्या दोन फिती आहेत, त्यावरून कळेल. कोणाला कळणार होतं, डोंबल. शेवटी असं ठरलं की घाडगे पडतात, दिवा विझतो, आणि मग एक बाई पांढऱ्या लुगड्यात पुढे येऊन तळहातावर क्रॉस घेते. त्यांची पत्नी. तो क्रॉस खरोखर तिच्याच हाती पडला होता. घाडग्यांचं थडगंसुद्धा नाही, इटलीतल्या कासिनोच्या युद्धस्मारकावर नाव आहे तेवढं.

रंग मात्र जमेना. ड्रिलची खळ काढायला दोनदा सोड्यात उकळलं, मग पिवळा, तपकिरी आणि नखभर काळा असा मेळ घालत मिठाच्या पाण्यात चिंध्या रंगवत बसले. ओलं कापड दोन छटा गडद दिसतं, म्हणून प्रत्येक चिंधी इस्त्रीनं वाळवून सकाळी अकराच्या उजेडात खिडकीशी धरायची. सात चिंध्या झाल्या. एक शाळेच्या गणवेशासारखी, एक चहात बुडवल्यासारखी. कृष्णधवल फोटोवरून रंग काढणं म्हणजे वासावरून मीठ सांगणं.

तेव्हा एका कार्यकर्त्यानं पिशवीतून शर्ट आणला. त्याच्या पणजोबांचा. तेही मराठा पलटणीतून इटलीत होते, १९४६ ला सातारा जिल्ह्यातल्या गावी परतले आणि तो शर्ट पुढे कित्येक वर्षं शेतात घालत राहिले. आजीनं, म्हणजे पणजोबांच्या सुनेनं, तो ट्रंकेत ठेवला होता. "आजी म्हणाली, बघून परत आण."

मी दुकानाचं शटर अर्धं ओढून तो पांढऱ्या चादरीवर पसरला. डोक्यातून घालायचा, पुढची पट्टी छातीपर्यंतच. आत शिक्का : बाणाची खूण, खाली इंग्रजी आय, बाकी धुऊन गेलेलं. पाच बटणांपैकी दोनच मूळची. एक सदऱ्याचं पांढरं, एक शिंपल्याचं, एक बहुतेक पोराच्या चड्डीचं. कॉलर उलटी करून लावलेली. झिजलेली बाजू आत, कोरी बाहेर. हे काम आता कोणी करत नाही. आणि उजव्या कोपरावर ठिगळ, हिरव्या इरकली लुगड्याचं, तळहाताएवढं, चारी बाजूंनी तुरपाई. इतकी बारीक की मी चष्मा बदलला.

रंग म्हणाल तर शर्ट उन्हानं जवळजवळ पांढरा पडला होता. खालची दुमड जरा उचकून बघितली, तिथं कोऱ्या कापडाचा गडद रंग होता. म्हणजे दोन टोकं मिळाली, एक कारखान्यातलं आणि एक शेतातलं. मला हवं होतं मधलं. आणि मधलं कुठं आहे हे मला दिसत होतं. ठिगळाखाली. ठिगळ शर्ट घरी आल्यावर लवकरच कधीतरी लागलेलं असणार. त्याखालच्या कापडानं शेतातलं ऊन बघितलंच नव्हतं. इटलीहून आला तेव्हा तो शर्ट जसा होता, तो रंग तिथं बंद होता.

फोन करून विचारायला हवं होतं. फोन समोर होता. रात्रीचे साडेनऊ झाले होते, म्हातारी माणसं झोपली असतील, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण असं की नाही म्हणाल्या तर, ही भीती.

एक बाजू उसवली. तीन इंच. ब्लेडनं नाही, सुईच्या टोकानं एकेक टाका उचलत. खाली भोकाच्या कडेला तो रंग होता : ओल्या वाळूला जरा हिरवी झाक. माझ्या सातही चिंध्या चूक होत्या, तिसरी त्यातल्या त्यात जवळ. पहाटे तीनपर्यंत नववी चिंधी जुळली. मग मी ठिगळ परत शिवलं. तेवढाच बारीक सुती धागा, जुना दिसावा म्हणून मेण आणि धूळ चोळलेला, आणि प्रत्येक टाका त्याच जुन्या भोकातून. माझ्या कामाचा मला इतका अभिमान क्वचित वाटला आहे.

देखावा चालला. चौदा मिनिटांचा खेळ, रात्रीतून आठ-नऊ वेळा. बुटांना खरे खिळे ठोकले होते, ते पहिल्या तालमीतच काढावे लागले; प्लायवूडवर दोन जण घसरले. टॉमीगनचा लाकडी दस्ता तिसऱ्या दिवशी तुटला, कारण जर्मन झालेल्या मुलाशी घाडगे झालेल्या मुलाचं खरंच काहीतरी बिनसलं होतं. पावसात कपडे ओले झाले आणि रंग उतरला नाही. एका गृहस्थांनी मला शोधून काढून सांगितलं की युनिफॉर्म जुने आणायला नको होते, मंडळानं नवे शिवून घ्यायचे. यापेक्षा मोठी शाबासकी मला मिळाली नव्हती. आणि दर खेळाला गर्दीतून कोणीतरी विचारायचंच, "यातले घाडगे कुठले?"

अनंत चतुर्दशीनंतर तिसऱ्या दिवशी मी शर्ट परत द्यायला स्वतः हडपसरला गेले. सोबत पेढे. आजींनी पेढे बाजूला ठेवले, शर्ट मांडीवर घेतला आणि आधी कॉलर, मग बटणं, मग कोपर, अशी बोटं फिरवली. नजर माझ्याकडे, बोटं शर्टावर. बोटं थांबली.

"हे कुणी शिवलं?"

मी म्हटलं, "जरा सुटलं होतं, म्हणून..." चाळीस वर्षांची बाई मी, आणि शाळेतल्यासारखं खोटं बोलले.

"सुटलं नव्हतं," त्या म्हणाल्या. शर्ट माझ्यापुढे धरला. "हा टाका उजव्या हाताचा हाय. आमच्या आत्याबाई, माझ्या सासूबाई, डावखुऱ्या होत्या."

मी बघितलं. तीन बाजूंची तुरपाई एका अंगाला कललेली. चौथ्या बाजूची, माझी, दुसऱ्या अंगाला. भोकं तीच, धागा तसाच, आणि कल उलटा. मी चष्मा बदलून दोन तास तो टाका बघितला होता, एकेक उचलला होता, आणि मला तो दिसला नव्हता. शिवण्याचं काम मी बावीस वर्षं करते.

मग मी सगळं सांगितलं. रंगाचं, ठिगळाचं, पहाटे तीनचं. त्यांनी ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत. निदान मला तसं दिसलं नाही. नातवानं मोबाइलवर देखाव्याचा व्हिडिओ लावून दिला होता तो त्यांनी पुन्हा बघितला आणि म्हणाल्या, "मामंजी असल्याच रंगात दिसायचे. मी लग्न होऊन आले तवा." मला जरा बरं वाटलं. पण त्यांचं लग्न झालं तोवर शर्ट कितीतरी उन्हाळे शेतात गेलेला असणार, हेही मला त्याच क्षणी कळत होतं.

निघताना दारात त्यांनी विचारलं, "मंग त्यो जुना दोरा कुठंय?"

मी म्हटलं, दुकानात बघते.

दुकानात पोऱ्याला विचारलं. तो म्हणाला, त्या सकाळी आल्याबरोबर त्यानं टेबल झाडलं होतं. खूप चिंध्या पडल्या होत्या ना रात्रीच्या.

अजून मी त्यांना फोन केलेला नाही. यंदा मंडळाचा निरोप आला आहे. तेच शर्ट परत हवेत, विषय दुसरा आहे, बांगलादेशचं युद्ध. मी सांगितलं, चालणार नाहीत, तेव्हा आपली फौज खाकीत नव्हती, ऑलिव्ह ग्रीनमध्ये होती.