मेम्ब्रेन सेल उभा राहिला, अडलं ते ब्राइनच्या रिपोर्टवर

मिठाच्या पाण्यातून, म्हणजे ब्राइनमधून, विजेनं क्लोरीन आणि कॉस्टिक सोडा काढणारा मेम्ब्रेन सेल आम्ही बांधला. त्याच्या बांधणीत फारसं काही अडलं नाही. टायटॅनियमच्या जाळीवर रुथेनियम-इरिडियम ऑक्साइडचा थर दिलेला अ‍ॅनोड, समोर निकेलचा कॅथोड, मध्ये मेम्ब्रेन, म्हणजे दोन्ही बाजू वेगळ्या ठेवणारा पातळ पडदा, कडेनं ईपीडीएम रबराचं गॅस्केट. ०.१ चौरस मीटरचा छोटा पायलट सेल, ४०० अँपिअरचा. फॅब्रिकेटर हातचा असला की हे होऊन जातं.

घोडं अडलं मिठाच्या पाण्याशी. मेम्ब्रेनला ब्राइनमधलं कॅल्शियम-मॅग्नेशियम मिळून २० पीपीबीच्या आत लागतं, म्हणजे लिटरला ०.०२ मिलिग्रॅम. सोडा अ‍ॅश आणि कॉस्टिक घालून गाळलं तरी काही पीपीएम, म्हणजे लिटरला काही मिलिग्रॅम, उरतंच. पुढचं काम चिलेटिंग रेझिनचं, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवणाऱ्या बारीक मण्यांचं. आम्ही रेझिनचे दोन कॉलम लावले, नमुना लॅबला पाठवला आणि थांबलो.

रिपोर्ट आला: ‘बीडीएल’. शोधमर्यादेखाली. सगळे खूश. मी मर्यादा किती ते पाहिलं, तर लिटरला १ मिलिग्रॅम! आम्हाला लागतं त्याच्या पन्नासपट! असा कागद हातात धरून मेम्ब्रेन लावायचं? आत शिरलेलं कॅल्शियम पलीकडून येणाऱ्या हायड्रॉक्साइडला भेटलं की मेम्ब्रेनच्या आतच साका धरतं. मग करंट एफिशियन्सी (दिलेल्या करंटपैकी कामी येणारा वाटा) घसरते ती घसरतेच, ब्राइन नंतर सुधारूनही पूर्ण परत येत नाही. मॅग्नेशियम व्होल्टेज चढवतं ते वेगळंच. हे सगळं फोनवर सांगितलं. उत्तर एकच, “सर, आमच्या फॉरमॅटमध्ये असंच येतं.” पुन्हा नमुना, पुन्हा वाट, पुन्हा तेच बीडीएल. मेम्ब्रेन येऊन पडलेलं, आणि मी एका कागदासाठी ताटकळत. त्या दिवसांची चीड अजून गेलेली नाही.

शेवटी दुसरी लॅब शोधली. पैसे भरण्याआधी त्यांना विचारलं, “लिटरला ३०० ग्रॅम मीठ असलेला नमुना आयसीपीवर कसा घेता?” आयसीपी हे धातूंचे अंश मोजणारं मशीन. इतकं मीठ त्याला झेपत नाही, नमुना पातळ करावा लागतो, आणि दहापट पातळ केला की शोधमर्यादाही दहापट वर जाते. तिथल्या बाईंनी हे न विचारता सांगितलं. तुलनेसाठीचं स्टँडर्डही तेवढंच मीठ घालून बनवतो म्हणाल्या. तिथेच जीव भांड्यात पडला. तुम्हीही हाच प्रश्न विचारा, आणि शोधमर्यादा आधी लेखी घ्या.

नमुना काचेच्या बाटलीत कधीच देऊ नका, काचेतून कॅल्शियम उतरतं. नायट्रिक अ‍ॅसिडनं धुतलेली प्लास्टिकची बाटली घ्या. आणि नमुना पहिल्या कॉलमनंतर व दुसऱ्यानंतर असा वेगवेगळा काढा, म्हणजे पहिलं रेझिन कधी दमलं ते कळतं, आणि तोवर दुसरं सांभाळून घेतं.

नव्या रिपोर्टात आकडा आला, २० पीपीबीच्या बराच खाली. त्याच आठवड्यात सेल चालू केला. व्होल्टेज तीन व्होल्टच्या आसपास येऊन तिथंच टिकलं, याचा मला खरंच अभिमान आहे.

राहिलंच: मेम्ब्रेन बसवण्याआधी पातळ कॉस्टिकमध्ये भिजवा आणि बसवल्यावर सुकू देऊ नका. बसबारचा (सेलला करंट पोचवणाऱ्या धातूच्या पट्टीचा) प्रत्येक जोड चालू करंटवर मिलिव्होल्टमध्ये तपासा. ढिला जोड तिथंच सापडतो.